रातकिड्यांचा शेक, अम्मीचा राग आणि त्या शेकरचं काय करायचं

प्रश्न: ताई, सलाम. मी २४ वर्षांचा आहे, वर्षभर झालं जिम सीरियसली करतोय. घरचे हनफी. माझा रूममेट पण मुसलमानच आहे पण तो मालिकी, त्याने क्रिकेट प्रोटीनचा मोठा डबा मागवला, अर्धे पैसे मी दिले. मला वाटलं क्रिकेट हे कंपनीचं नाव असेल (प्लीज हसू नका). तीन आठवडे रोज शेक घेतला आणि मग एकदा मागचं लेबल वाचलं तर क्रिकेट म्हणजे रातकिडे!! रूममेट म्हणतो टोळ हलाल असल्याचं हदीसमध्येच आहे, रातकिडा टोळाचा भाऊच, शिवाय डब्यावर हलालचा लोगो आहे. अम्मीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणाली चाळीस दिवस तुझी नमाज कबूल होणार नाही आणि तो शेकर आधी फेकून दे. आता मी नक्की काय केलं, हराम खाल्लं का? नमाजचं काय? आणि शेकर नवा आहे हो.
– शेकरवाला

उत्तर:

वालेकुम सलाम शेकरवाल्या. हसले. माफ कर पण त्या कंपनीच्या नावावर हसलेच, आणि मग गप्प बसले कारण मला माझं स्वतःचं आठवलं. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली बाई, लेबलं वाचणं हेच माझं काम होतं आणि तरी मी दोन-तीन वर्षं एक गुलाबी योगर्ट आवडीने खात होते ज्याच्या लेबलवर ई १२० असं स्पष्ट छापलेलं होतं. ई १२० म्हणजे कार्माइन, निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्याच्या माद्या वाळवून, कुटून त्यातून काढलेला लाल रंग. मला माहीत होतं ई १२० म्हणजे काय, परीक्षेत मार्क पण मिळाले होते त्यावर, पण माझ्या हातातल्या डब्याशी त्याचा संबंध जोडायला मला दोन वर्षं लागली! म्हणून तुझ्यावर हसायचा मला काही हक्क नाही.

आधी एक सांगून टाकते, मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, मुफ्ती (फतवा देणारी) तर अजिबात नाही. मी स्वतः हनफी घरातली आहे आणि खाण्याच्या बाबतीत कोण काय म्हणतं ते बरीच वर्षं वाचत आले आहे, तेवढंच. फतवा हवा असेल तर तो तुझ्या मसलकच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरेच्या (तुझी हनफी, रूममेटची मालिकी), मुफ्तींकडूनच घे. पण तुझ्या प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत आणि ते सोडवून दिले तर मुफ्तींना विचारणं पण सोपं जाईल.

पहिलं तुझ्या रूममेटचं लॉजिक. टोळ हलाल आहे हे शंभर टक्के खरं. नबींचे एक साथी अब्दुल्लाह इब्न अबी औफा सांगतात की आम्ही नबींसोबत सहा की सात लढायांत होतो आणि टोळ खात होतो, ही हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. दुसरी इब्न उमर यांची, दोन मेलेल्या गोष्टी आणि दोन रक्तं आपल्यासाठी हलाल केली गेली, मासा आणि टोळ, आणि कलेजी आणि तिल्ली. आणि मुवत्ता या जुन्या हदीससंग्रहामध्ये तर दुसरे खलिफा हजरत उमर यांचं एक फार गोड वाक्य आहे, त्यांना कोणीतरी टोळाबद्दल विचारलं तर ते म्हणाले माझ्याकडे टोळांची एक टोपली असती तर किती बरं झालं असतं, आपण खाल्ले असते. म्हणजे किडा म्हटला की सरसकट हराम असं म्हणणारे पण चुकतात. चारही सुन्नी मसलक (हनफी, मालिकी, शाफई, हंबली) आणि शिया जाफरी सगळे टोळाला हलाल मानतात, फक्त अटी वेगवेगळ्या. जाफरींकडे तो जिवंत पकडलेला हवा आणि उडायला लागलेला हवा, अजून पंख न फुटलेलं पिल्लू चालत नाही. मालिकी म्हणतात आपोआप मेलेला टोळ नाही चालणार, माणसाच्या हातून मेला पाहिजे. बाकीच्यांना मेलेला सापडला तरी चालतो, माशासारखा.

पण "रातकिडा टोळाचा भाऊ" हे कुठून आलं? भाऊ नाही, फार फार तर लांबचा चुलत. प्राणिशास्त्रात दोघं एका गणातले आहेत हे बरोबर पण त्या गणाच्या दोन मोठ्या फांद्या आहेत, टोळ आणि नाकतोडे एका फांदीवर, रातकिडे दुसऱ्या. टोळ म्हणजे मुळात नाकतोडाच, गर्दी झाली की ज्याचा रंग आणि वागणं बदलतं आणि जो थवे करून निघतो तो नाकतोडा. रातकिड्याच्या मिशा अंगापेक्षा लांब असतात, टोळाच्या आखूड. रातकिडा पंखावर पंख घासून किर्रर्र करतो, नाकतोडा बहुतेक वेळा पाय पंखावर घासतो. आणि माझं सगळ्यात आवडतं, रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर असतात आणि टोळाचे पोटाच्या बाजूला! (हे फिकहसाठी, म्हणजे धर्माच्या कायद्यासाठी, गरजेचं नाही, मला सांगायचं होतं म्हणून सांगितलं.)

गरजेचं हे की हदीसमध्ये शब्द आहे जराद. अरबीत जराद म्हणजे टोळ. साध्या हिरव्या नाकतोड्याला जरादमध्ये धरायचं का यावर बोलणं होऊ शकतं, बरेच जण धरतात. रातकिड्याला अरबीत वेगळं नाव आहे आणि हनफी आलिम त्याला जराद मानत नाहीत, हशरात म्हणजे किड्यामुंग्यांत टाकतात. हनफी, शाफई, हंबली तिघांचं साधारण म्हणणं असं की टोळ सोडून बाकी हशरात खाणं जायज नाही. आधार म्हणून सूरह आराफची १५७ वी आयत देतात जिथे पाक गोष्टी हलाल आणि खबाइस, म्हणजे घाणेरड्या किळसवाण्या गोष्टी हराम असं आलंय, आणि दुसरा मुद्दा असा की ज्याला वाहतं रक्तच नाही त्याचा जबीहा (शरीअतच्या पद्धतीने कापणं) करणार कसा, मग ते मुर्दारच, म्हणजे न कापता मेलेलंच झालं. टोळाला आणि माशाला सूट आहे कारण तसं स्पष्ट सांगितलंय, बाकीच्यांना तशी सूट सांगितलेली नाही.

म्हणजे तुझं पहिलं उत्तर, हनफी हिशोबाने ती रातकिड्याची पावडर तुझ्यासाठी हलाल नाही. पावडर केली म्हणून काही बदलत नाही. काही लोक म्हणतील की रूप बदललं की हुकूम बदलतो, इस्तिहाला, जसं दारूचा सिरका (व्हिनेगर) झाला की तो पाक. पण तिथे वस्तूच बदलते, दारू दारू राहत नाही. इथे रातकिडा वाळवला आणि दळला, तो अजूनही रातकिडाच आहे, फक्त बारीक. मिरचीची पूड केली म्हणून ती मिरची राहत नाही का?

आता गंमत अशी की तुझा रूममेट चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोचू शकला असता. तो मालिकी आहे ना, मग त्याला टोळाच्या नातेवाइकांची गरजच नव्हती! मालिकी मसलकमध्ये किडे, अळ्या मुळात खाता येतात, दोन अटींवर, एक म्हणजे ते अपायकारक नकोत आणि दुसरं त्यांची जकात झाली पाहिजे. पैशाची जकात नव्हे, ही वेगळी, म्हणजे जनावर शरीअतच्या पद्धतीने मारणं. किड्याला गळा कुठे, सुरी कुठे फिरवणार, म्हणून ते म्हणतात ज्या कृतीने तो मरतो ती कृती नियत करून (मनात हेतू ठेवून) आणि बिस्मिल्लाह म्हणून करा, उकळत्या पाण्यात टाका, भाजा, डोकं तोडा, काहीही. तर त्याला सांग की भावा, टोळाची हदीस जाऊ दे, तू मला एवढंच सांग की या डब्यातले रातकिडे मारताना बिस्मिल्लाह कोण म्हणालं? कारण फार्मवर ते बहुतेक वेळा गारठवून, फ्रीज करून मारतात आणि मग उकळून, वाळवून दळतात, लाखांनी. तिथे नियत करणारा कोणी उभा होता का हा प्रश्न त्याने कंपनीला विचारायला हवा, तुला नाही. त्याने विचारलं आणि उत्तर नीट आलं तर तो खुशाल खाऊ दे आणि तू त्याच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही, त्याच्या इमामांनी सांगितलंय ते तो करतोय.

मग तू पण मालिकी मत घेऊन खाऊ शकतोस का, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या डोक्यात आलंच असणार. मला विचारशील तर नको. खरी अडचण असेल, जीव जात असेल तर सूट सगळीकडेच आहे, पण ती उपासमारीसाठी आहे, छाती रुंद करण्यासाठी नाही रे. फक्त डबा फोडून झालाय आणि पैसे दिलेत म्हणून तेवढ्यापुरतं दुसऱ्या मसलकमध्ये जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, याला आलिम लोक सूट शोधत फिरणं म्हणतात आणि चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत.

लोगो. हलाल लोगो म्हणजे जगभर एकच शिक्का असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये, ज्या संस्थेने तो दिला ती कोणाचं मत धरून चालते त्यावर सगळं आहे. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २००० सालीच रातकिडा हा टोळाच्याच प्रकारचा किडा आहे असं धरून अपाय नसेल तर त्याचं पालन करायला परवानगी दिली, आणि माझं ते कार्माइन, त्याला त्यांनीच २०११ मध्ये हलाल म्हटलं, जेव्हा की बहुतेक हनफी आलिम नाही म्हणतात. म्हणजे तुझा रूममेट एकटाच भाऊ भाऊ करत नाहीये, मोठ्या लोकांनी पण केलंय, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. म्हणून लोगो खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो बहुतेक खराच असेल, फक्त तो तुझ्या मुफ्तींचा नसेल. लोगोखाली संस्थेचं नाव असतं, ते बघ आणि मेल करून विचार की कुठल्या मताने दिलं आणि किडे मारायची पद्धत काय. आणि त्या चित्रापेक्षा घटकांची यादी आधी वाचायची सवय लाव. युरोपियन युनियनमध्ये तर नियमच आहे की किड्याचं लॅटिन नाव आणि साधं नाव दोन्ही छापायचं. आकेटा डोमेस्टिकस म्हणजे तुझा रातकिडा. टेनेब्रिओ मोलिटर म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी, तिलाच मीलवर्म म्हणतात, २०२१ मध्ये तिथे परवानगी मिळालेला हा पहिला किडा. आणि लोकस्टा मायग्रेटोरिया दिसलं तर तो टोळ, अगदी जराद, त्याला पण २०२१ च्या शेवटी परवानगी मिळाली, वाळवून पावडर पण मिळते. म्हणजे तुला किडेच खायचे असतील (कोण जाणे, चव लागली असेल) तर तो एक आहे जो तू अम्मीसमोर बसून खाऊ शकतोस, फक्त डब्यात दुसरी कुठली अळी मिसळलेली नको.

आता नमाज. अम्मीचं दुःख मला कळतं पण चाळीस दिवसांची जी पक्की हदीस सहसा सांगतात ती दारूबद्दलची आहे (हराम घासाबद्दलची पण एक सांगतात, ती आलिम कमजोर मानतात). दारूची हदीस उचलून रातकिड्यावर लावता येत नाही. आणि तू जाणूनबुजून खाल्लंच नाहीस, तुला तर ते कंपनीचं नाव वाटत होतं! सूरह अहज़ाबच्या ५ व्या आयतीत सरळ आहे की जे चुकून झालं त्यात तुमच्यावर गुन्हा नाही, जे मनाने ठरवून केलं त्यात आहे. लेबल वाचायचा आळस केला त्यासाठी इस्तिगफार कर, म्हणजे अल्लाहकडे माफी माग, आणि पुढे चल. कळल्यानंतर पण एखादा शेक घेतला असशील (तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही) तर तौबा कर. नमाजा परत पढत बसायची गरज मला दिसत नाही.

आणि शेकर. मला तुझं हे शेवटचं वाक्य फार आवडलं, "नवा आहे हो". शेकर फेकू नकोस. हनफी फिकहमध्ये खाण्याचा हुकूम आणि पाकीचा (शुद्ध-अशुद्धचा) हुकूम या वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ज्या जिवात वाहतं रक्त नाही, माशी, मुंगी, रातकिडा, तो मेला तरी नापाक होत नाही. माशीची हदीस तू ऐकली असशील, भांड्यात माशी पडली तर तिला बुडवून मग काढून टाका, त्यावरून आलिम हेच काढतात की ती मेली तरी पाणी किंवा जेवण नापाक होत नाही. म्हणजे रातकिडा खाणं जायज नाही पण त्याने भांडं नापाक झालं नाही, कपड्यावर पावडर सांडली असेल तर ते कपडे पण नापाक नाहीत. शेकर साबणाने धू, झालं, आणि ते पण नापाकीसाठी नाही, वासासाठी. शाफई लोकांकडे मेलेल्या किड्याला नापाक मानतात पण पाण्यात पडला तर माफ करतात, त्यात आत्ता शिरत नाही.

किळसेबद्दल एक राहिलं, कारण अम्मीच्या रडण्यात मला वाटतं फिकह थोडं आणि किळस जास्त होती, माझ्या आईची पण झाली असती. दब्ब म्हणून वाळवंटातला एक मोठा सरडा असतो, तो भाजून नबींसमोर ठेवला तर त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद यांनी विचारलं हराम आहे का, तर म्हणाले नाही, पण माझ्या लोकांच्या भागात हा नसतो म्हणून मला नकोसा वाटतो. खालिद यांनी तो ओढून घेतला आणि त्यांच्यासमोर खाल्ला. (हनफी तरीही दब्ब मकरूह, म्हणजे नापसंत मानतात, दुसऱ्या हदीसांवरून, नाहीतर कोणीतरी मला लगेच मेल करेल.) मला त्यात आवडतं ते हे की नकोसं वाटतं एवढं बोलून ते थांबले, खाणाऱ्याला अडवलं नाही. तुझ्या रूममेटशी बोलताना हे उपयोगी पडेल. आणि सगळ्यात मजा म्हणजे शास्त्रज्ञांच्या हिशोबात कोळंबी आणि किडे हे फार जवळचे नातेवाईक आहेत, आणि हनफींमध्ये (पाण्यातला फक्त मासाच चालतो म्हणून) कोळंबी मासा आहे की नाही यावर किती शतकं वाद चालू आहे ते तुला माहीतच असेल, मी तरी खाते.

कोळंबीवरून आठवलं आणि हे सीरियस आहे. कोळंबी-खेकड्याची किंवा घरातल्या धुळीची (म्हणजे धुळीतल्या माइट्सची) ॲलर्जी असणाऱ्यांना किड्यांच्या प्रोटीनची पण ॲलर्जी होऊ शकते, ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन सगळ्यांत सारखंच असतं म्हणून. तीन आठवड्यात तुला ओठांना खाज, अंगावर पित्त, घशात जड वाटणं असं काही झालं असेल तर ते डॉक्टरांना सांग. आणि रूममेटला पण विचार, हे कुठल्याही मसलकला लागू आहे.

आणि आता जिमवाल्या भाषेत. डब्यावर १०० ग्रॅमला ६५ ग्रॅम प्रोटीन वगैरे लिहिलं असेल ना? लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. पण किड्याच्या कवचात कायटिन असतं आणि त्यात पण नायट्रोजन असतो जो तुझ्या दंडाच्या काहीच कामाचा नाही. म्हणून आकडा फुगतो. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी तीन जातींच्या अळ्या तपासून म्हटलं की अख्ख्या अळीसाठी गुणक ४.७६ धरा. त्या हिशोबाने ६५ चे पन्नासच्याही थोडं खालीच येतात. तो गुणक अळ्यांचा आहे, रातकिड्याचा नेमका तोच नाही, पण दिशा तीच. किडे वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये हां, प्रोटीन खरंच चांगलं असतं, बी १२ असतं, खाद्य आणि पाणी जनावरांपेक्षा खूप कमी लागतं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेने २०१३ मध्ये यावर मोठा रिपोर्ट काढला होता ज्यात १९०० पेक्षा जास्त जाती जगात खाल्ल्या जातात असं दिलंय. ज्यांच्यासाठी जायज आहे त्यांनी जरूर खावेत. पण तुला त्याची गरज नाही. वजन उचलणाऱ्याला रोज किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, त्यापुढे फार फरक पडत नाही. तू ७० किलोचा असशील तर ११२ ग्रॅम, ते अंडी, मासे, डाळी, सोया, दूध यातून आरामात होतं, एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, बाकीचा हिशोब तूच कर. व्हे (दुधापासून काढलेलं प्रोटीन) घेणार असशील तर त्यात पण दूध फाडताना वापरलेलं रेनेट कुठलं ते बघ, ती अजून एक वेगळी कहाणी आहे, कोणी विचारलं तर लिहीन.

डब्यातलं उरलेलं रूममेटला राहू दे, त्याने त्याच्या बिस्मिल्लाहचा प्रश्न सोडवला की. तुझे अर्धे पैसे मागू नकोस, त्याने तुला फसवलं नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. अम्मीला आज फोन कर, फतवे ऐकवायला नाही, आधी एवढंच सांग की बंद केलं, मग ती शांत झाली की शेकरचं सांग. ती म्हणेल फेक तरीही. नवा आहे म्हणतोस तर जवळ ठेव, पण घरी जाताना बॅगेत घालू नकोस.